उर्फ

विट्याहून साडेसहाची एसटी धरली.
तिच्या मांडीवर फाईल, फाईलवर डबा,
डब्यात भाकरी आणि गुंद्रुकची चटणी.
तासगाव जाईपर्यंत ती पुटपुटत होती:
भाळवणी. भाळवणी. भाळवणी.
तिकडच्या मुळाक्षरांत ळ नाही.
अक्षरं आपलीच, डोक्यावरची रेघही आपलीच,
तेवढा एक ळ नाही.

विजयनगरला कलेक्टर कचेरीत
दुसऱ्या मजल्यावर एकच बाक, त्याचा एक पाय आखूड.
शेजारी दाखल्यासाठी आलेला ठेकेदार.
"कुठल्या तुम्ही?"
"भाळवणीच्या." ळ नीट लागला.
"तसं नव्हं ओ. मूळच्या?"
तिनं पदर सारखा केला आणि डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला.

आत मॅडमनी कागद चाळले.
"सिर्जना राई, उर्फ सुवर्णा हणमंत धनवडे.
दोन्ही तुम्हीच?"
सुवर्णा हे नाव आईनं मला
ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहायला लावलेलं.
दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला.
"हो," ती म्हणाली. "घरात सुवर्णा. फोनवर सिर्जना."
मॅडमनी हे लिहून घेतलं नाही.

मग मला बाहेर बसवलं.
दार अर्धं उघडं होतं, ऐकू येत होतं.
आमचा गट नंबर तिनं सांगितला,
आईची शुगरची गोळी जेवणाआधीची का नंतरची,
जत्रा कधी, सरपंच कोण, लाईटबिल कुणाच्या नावावर.
मला स्वतःला गट नंबर बघून सांगावा लागतो.

मी गलाईवाला माणूस.
धरानच्या बाजारात बारा वर्षं सोनं गाळलं.
कुणाच्या अंगठीत किती तांबं,
मुशीतल्या रंगावरून सांगायचो.
बाकावर बसून वाटलं, टंच तिचा निघतोय,
आपल्याला काय.

"धनवडे, आत या. सासूबाईंचं नाव?"

आमा.
मी आमाच म्हणतो.
आमानं विणलेला स्वेटर सात थंड्या अंगात घातलाय.
तिच्या घराच्या पायऱ्या मला पाठ आहेत,
सत्तेचाळीस, विसावी फुटकी.
फॉर्मवर तो रकाना सिर्जनानंच भरला होता,
मी खाली सही ठोकली होती.
मॅडमचं पेन थांबलं.
काचेच्या पेपरवेटखाली कागद फडफडत राहिला.

"दिलकुमारी," ती हळू म्हणाली.
मॅडमना नाही. मला.

खाली झेरॉक्सच्या दुकानात
तिनं तिकडची नागरिकता काढली.
मंजुरीचं पत्र आलं की मूळ प्रत द्यायची आहे.
फोटोत ती सोळा वर्षांची, केस मागं ओढलेले,
दोन्ही कान दिसतायत. तिकडं कान दिसावे लागतात.
खाली दोन अंगठे, डावा, उजवा.
पोरगा म्हणाला, "किती प्रती?"
"तीन."
मी म्हणालो, "दोनच मागितल्यात."
"माहितेय."

परतीची गाडी पलूसवरून होती, रिकामी.
डबा उघडला. चटणी तिनं नेहमीसारखी
स्वतःच्या बाजूला ठेवली,
मला लागत नाही म्हणून.
मी बोट बुडवलं.
"दिलकुमारी पुढं काय? माहेरचं आडनाव?"
ती खिडकीकडं तोंड करून हसली,
"आता सगळी मुलाखत आजच घेता का?"

चटणी अजून आंबटच लागते.