उरलेलं

ऐरोली, सेक्टर आठ. इथे थंडी
जानेवारीत चार दिवस, तीही पहाटे.
तरी बिस्किटांच्या डब्यात
तेरा गुंडे, एकही पुरा नाही.

राखाडी सुधन्वाच्या स्वेटरची.
तो चेन्नईला गेला, स्वेटर कशाला नेतो!
मी उसवला. धुऊन, खाली कुलूप बांधून
लोकर दोरीवर टांगली,
तरी वळणं गेली नाहीत.

त्यातून किल्लीला टोपी झाली,
तव्याच्या दांड्याला बाही.
मग वॉचमन गुरव म्हणाले,
ताई, रात्री खुर्चीचे हात फार गार लागतात.

डावा हात राखाडीत बसला.
उजव्याला मनगटापाशी लोकर संपली,
पुढे पिवळी जोडली,
कुणाच्या तरी टोपड्यातली.

पहाटे दुधाला उतरले तर
गुरवांची मूठ पिवळ्यावर.
राखाडीत मांजराने नखं घातलेली,
एक वळण सुटून लोंबत होतं.
मी नाही ओढलं आत.