विसा

बेथेलच्या चौकीत शिक्केवाला जेवायला गेलेला.
त्याचा टेबलफॅन तेवढा
मान हलवून नाही-नाही म्हणत होता.
दीड तासाने आला दात कोरत,
पासपोर्ट उलटा धरून चाळला, ठप्पा मारला.

खाली उसुमासिंता. गढूळ.
एक काठ ग्वातेमाला, एक काठ मेक्सिको,
तिला दोन्हींचं सोयरसुतक नाही.
होडीत एर्मेलिंदोची आई मक्याची कणसं मोजत बसलेली,
चोल भाषेत, पुटपुटत,
वीस झाली की एक खडा बाजूला.
दोन खडे, वर पाच कणसं.
माझ्या तोंडून निसटलं: दोन विसा न् पाच!
तिने वर पाहिलं.
मी हाताची बोटं पसरली, मग बुटांकडे खूण केली.
ती हसली,
आपल्या अनवाणी पायांची बोटं हलवून.
सीमा तेवढ्यात कुठेतरी मागे पडली.

याशचिलानात वटवाघळांच्या बोळातून
सॅक भिंतींना घासत वर आलो.
आपल्याकडे गणेशपट्टी असते
तिथे, दारावर, नुसती खाच.
"ती राणी? जिभेतून काट्यांचा दोर ओढणारी?"
"लंडनला," एर्मेलिंदो म्हणाला.
"शंभरावर वर्षं झाली."
मग, बराच वेळाने, झाडांकडे बघत:
"माझा भाऊ तीनदा गेला उत्तरेला.
तिन्ही वेळा परत पाठवला."

उतरलो तर म्हातारी होडीतच.
एक कणीस माझ्या हातात कोंबलं.
खडे दोनच, जागच्या जागी.
दोन विसा न् चार,
मी म्हटलं,
आणि तिने मान डोलावली.