शेरा

आबांचा पडद्यावरच्या आकड्यांवर विश्वास नाही.
कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत
एक्क्याऐंशी, त्र्याऐंशी, ब्याऐंशी,
उचकी लागल्यागत उडत राहतो आकडा.
ते म्हणतात, हा काटा नव्हे, हा चाळा.
खरा काटा जड असतो, चढताना विचार करतो.

एकतीस वर्षं त्यांनी कांजूरच्या रंगकारखान्यात
बॉयलर राखला.
दर अर्ध्या तासाला वाफेचा दाब, पाण्याची पातळी,
धुराड्याचं तापमान,
आणि शेवटी एक रुंद रकाना : शेरा.
त्यात बहुतेक वेळा एकच शब्द. ठीक.
कारखाना बंद झाला तेव्हा
हिशेबाबरोबर तीन कोऱ्या वह्या घेऊन आले घरी.

मे महिना. खिंडीपाड्याची चढण, डोक्यावर पत्रा.
माझ्या मशीनवर रात्रभर रेंडर होतोय
बेचाळिसाव्या मजल्यावरचा तरणतलाव.
एकेका चौकटीला सहा मिनिटं.
पाण्यावरची लकाकी काढायलाच
सगळ्यात जास्त तापावं लागतं,
हे या धंद्यात पडल्यावर कळलं.
आधीची फिल्म बिल्डरच्या माणसानं परत पाठवली होती :
पाणी अजून थोडं थंड दिसू दे, मॅडम.

लॅमिंग्टन रोडच्या झुबेरला फोन केला.
म्हणाला, कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून ठेव.
काढलं. चार अंश उतरले
आणि आत एक पाल राहायला आली.
झाकण परत लावलं.
मग म्हणाला, अजून एक पंखा टाक,
पण खोलीच्या खाली नाही जाणार हां.
पंखा वारा देतो, थंडी नाही देत.
खोली म्हणजे जमीन, त्याच्या वरच सगळं.

आमची जमीन रात्री दोन वाजता चौतीस.

आबांनी दूधवाल्या भास्करकडून
काचेचा तापमापक मागून आणला
आणि कॅबिनेटच्या मागच्या जाळीला सुतळीनं बांधला,
गाठ अशी, की तिथून हलायची म्हणून नाही.
पट्टीनं रकाने आखले.
तू झोप, म्हणाले. माझी रात्रपाळी आहे.

मी लादीवर आडवी झाले, मशीनच्या शेजारी,
पंख्यांची घरघर कानाशी.
किती वेळ जागी होते आठवत नाही.

सकाळी फिल्म पूर्ण झाली होती. आबा घोरत होते.
वही उघडीच होती.

१.३०  आत ८४, जाळीपाशी ४७, खोली ३४. ठीक.
२.००  आत ८६, जाळीपाशी ४८, खोली ३४. ठीक. पंखा ओरडतो.
२.३०  वीज गेली. बॅटरी शिट्टी मारते. चार मिनिटांनी आली.
३.००  आत ९१. पोरीला उठवावं का. नाही उठवलं.
         पुठ्ठ्यानं जाळीला वारा घातला.
३.१५  आत ८९. हात भरून आला. वेळ नसताना नोंद केली आहे.
३.३०  पोर घामानं भिजली. पुठ्ठा तिच्याकडे.
४.००  आत ९२. असू दे.
४.३०

साडेचारच्या पुढे काही नाही,
नुसती पेनाची एक घसरलेली रेघ, रकान्याबाहेर गेलेली.

दुपारी फिल्म पाठवली. उत्तर आलं, ओके.
पाण्याबद्दल काही नव्हतं.

रविवारी चिपवरचा पंखा उतरवला.
खालची जुनी पेस्ट वाळून खडू झालेली.
स्पिरिटच्या बोळ्यानं खरवडून काढत होते,
आबा गुडघ्यावर हात टेकून आत वाकले.
ह्या एवढ्याशा चौकोनात ब्याण्णव?
हो.
आणि ही नवी किती लावायची?
तांदळाच्या दाण्याएवढी.
बासमती की कोलम, त्यांनी विचारलं,
आणि उत्तराची वाट पाहत
सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसू लागले.