दोन रुपये पान

चोडणच्या फेरी धक्क्यापाशी माझं झेरॉक्सचं दुकान.
आधार कार्ड, दहावीचा निकाल, मुंजीची पत्रिका
आणि दर मंगळवारी, हे लोक.

नकाशा एकच. बांधाचा.
"बाय, हें मातशें व्हड करून दी,"
शाणू म्हालदार म्हणायचा.
मी मोठा करत न्यायची;
रेघ जाड होत जायची, जमीन तेवढीच.

एस्पेरांसा टीचर काउंटरवर उभ्या राहूनच
खात्याचं उत्तर वाचायच्या,
त्यांच्या इंग्रजीतल्या चुका लाल पेनानं सुधारायच्या,
मग म्हणायच्या, अगंबाई, मूळ प्रत खराब झाली,
आणखी एक काढ.
जयवंत कदंबच्या बसवर कंडक्टर.
तिकिटांच्या पेटीत अर्ज घालून पणजीला न्यायचा,
जेवणाच्या सुट्टीत आवक शिक्का मारून आणायचा.
उपाशी.

संस्थेचं नाव 'बांध'.
शिक्केवाल्यानं अक्षरामागे पैसे मागितले,
'संवर्धन समिती' परवडली नाही.

मिंगेल कुर्ल्या धरायचा.
तो कधी दुकानात आत यायचा नाही,
बाहेर सायकलला टेकून उभा.
बांधाला भोकं कुठे पडतात ते त्याला नेमकं माहीत,
कारण दोन वर्षं, कुणाच्या तरी पैशांवर,
रात्रीची त्यानंच पाडली होती.
हे सगळ्यांना ठाऊक. कुणी बोलत नाही.
इतिवृत्तात इतकंच :
'श्री. मिंगेल यांनी जागा दाखवल्या.'

छापताना वाचायचं नाही हा माझ्या धंद्याचा धर्म.
चार वर्षं पाळला.
मग एका मंगळवारी झाकणाखालून हिरवा उजेड सरकला
आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर मला बाबा दिसले,
पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट,
पुढे शेरा : पडीक, लागवडीस अयोग्य.

त्या शेतातलं कोरगुट खाऊन मी वाढले.
लाल भात, त्यावर सुंगटांचं हुमण.
अयोग्य.

मी काही बोलले नाही. पैसे घेतले. सुटे परत दिले.

भाद्रपदातल्या अवसेला, रात्री साडेअकराला
शाणूचा फोन :
मानशीची फळी कुणीतरी काढून नेलीय, बांधही फुटलाय,
येताना पोती आण.
दुकानात पोती कुठली?
मी कागदाच्या रिकाम्या गोणपाटांचा गठ्ठा घेऊन पळाले.

चिखल मांडीपर्यंत.
माडाचं खोड आडवं धरून जयवंत आणि मिंगेल
छातीएवढ्या पाण्यात, एकमेकांना शिव्या देत.
गुडघे दुखतात म्हणून टीचर बांधावर,
हातात बॅटरी,
आणि भरतीवर ओरडत होत्या,
चौथीच्या वर्गावर ओरडावं तसं.
शाणू मधूनच ओंजळ भरायचा, जिभेला लावायचा,
थुंकायचा. "अजून खारं."
पेंढा, चिखल, पोतं. पेंढा, चिखल, पोतं.
किती वेळा, मोजलं नाही.

पहाटे ओहोटी लागली.
आम्ही जिंकलो असं कुणी म्हणालं नाही.
अर्धी शेतं वाचली.
उरलेल्या अर्ध्यांचं मीठ धुवायला
दोन पावसाळे लागतील, शाणू म्हणाला,
आणि बिडी पेटेना म्हणून रडला.

फळी कुणी काढली, याबद्दल अर्ज केलाय.
उत्तर आलंय : संबंधित फाइल आढळून येत नाही.
टीचरनी 'संबंधित'ला लाल गोल केला.

परवा त्यांनी रजिस्टर उघडलं,
माझं नाव घातलं सातव्या ओळीत.
आता फुकट काढून देते, मी म्हटलं.
छे, हिशेब चोख हवा, पानाला दोन रुपये.
मोजून ठेवले.
मग चष्म्यावरून बघत विचारलं,
"हुद्दा काय लिहू?"

बाहेर मिंगेलनं सायकलची घंटी वाजवली, उगाच.
यंत्र तापलं होतं.
मी म्हटलं, थांबा टीचर,
आधी हे पान निघू दे.