नोंद

लुइझियानात, बायूकाठच्या कोर्टात
एकोणीस वर्षं टिपते आहे मी
बोललं जातं ते. तेवढंच.

आज डेमारियस फॉन्टनो, वय वीस.
बोटीचं इंजिन चोरलं.
सरकारी वकील म्हणाले, जरब बसली पाहिजे.
बचावाचा वकील म्हणाला, सुधारेल पोरगा.
न्यायाधीशांनी पान उलटलं :
सात वर्षं.

मंगळवारी कोल्टन एबेअर. इंजिनच, बोटीचंच.
त्याच्याकडे बघत राहिले होते साहेब,
मागच्या बाकावरच्या त्याच्या आईकडेही,
चष्मा काढला, टायच्या टोकानं पुसला,
माझी बोटं कळांवर अधांतरी.
मग म्हणाले, प्रोबेशन.

अपिलात दोन्ही कागद जातील.
शिक्के जागच्या जागी,
एक अक्षर गाळलेलं नाही.

माझ्या यंत्राला बावीस कळा.
थांबल्याची
एकही नाही.