बिडि

निपाणीच्या सरकारी दवाखान्यात
हासनकडची नर्स माझा हात हातात घेते
आणि बघत बसते.
अंगठा फिरतोय तर्जनीवर. रिकामाच.
सूप मांडीवरून उतरून सहा वर्षं झाली,
हे ह्या बोटांना कुणी सांगितलेलं नाही.

काय वळता, खुणेनं विचारते.
काय सांगू?
त्या दिवशी माझी दोनशे पानं कमी भरली.
घरदार झाडून बघितलं, म्हटलं मी.
बघितलं नव्हतं.
शेजारी मैमुना बसायची, मांडीला मांडी लावून.
तिच्या सुपाकडं बोट केलं.
हेच बोट.
चेकरनं तिचे चार कट्टे छाटात टाकले,
उद्यापासून येऊ नको म्हणाला.
ती काही बोलली नाही.
दातात धरलेला लाल दोरा तेवढा तोडला,
कैची पदरात बांधली आणि उठली.

पानं संध्याकाळी घरीच सापडली,
न्हाणीच्या कोपऱ्यात, ओल्या पोत्याच्या घडीत.
वाळू नयेत म्हणून पोरीनं जपून ठेवलेली.

मैमुना संकेश्वरला गेली म्हणतात, लेकाकडं.
संकेश्वर काय लांब आहे?
एस्टीनं पाऊण तास.
एकवीस वर्षं झाली त्या पाऊण तासाला.

नर्सला मराठी निम्मीच कळते.
तरी सगळं ऐकते,
मग एकेक बोट करत माझी मूठ उघडते,
म्हणते, "बिडि, अक्का. बिडि."

मी म्हटलं, होय की, बिडीच.
तर हसायला लागली.
आमच्या बाजारातली कानडी 'बिडरी' म्हणते, ओढून;
सुट्ट्या पैशांवरून वाद झाला की
भाजीवालीसुद्धा म्हणते.
हिच्या तोंडी तो र नव्हता,
म्हणून मला उशीर लागला.
सोडा, म्हणत होती. सोडून द्या.

रोज हजार वेळा
तंबाखू भरून, नखानं तोंड दाबून
दोऱ्यानं आवळून ठेवलं जे,
त्याला पलीकडच्या भाषेत हे म्हणतात, बघा.

जत्राट वेशीपर्यंत चालतच आले.
मैमुनाकडं जायचं ते वेगळं,
ते ह्या शब्दात बसत नाही.
तिच्या दारात काय म्हणायचं,
ते कानडीत नाही आणि मराठीतही
अजून सापडलेलं नाही मला.

बोटं फिरतात. फिरू देत.
बहुतेक दिवशी
आत मी काही भरत नाही.