गोड पाणी

माझ्या टँकरवर लिहिलंय : गोड पाणी.
अरबीत, इंग्रजीत. कुठल्या नदीचं ते नाही,
कारण नदी नाहीच. समुद्राचं मीठ काढून
पाच हजार गॅलन,
शारजा, सज्जा, दिवसाला सहा खेपा.

कॅम्पात माझ्या वरच्या बंकवर सुडलैमुत्तू,
गाव श्रीवैकुंठम.
पहिल्याच आठवड्यात तो नदीचं नाव बोलला
आणि मी उठून बसलो :
ताम्रपर्णी? अरे, ती तर आमची!
चंदगडच्या डोंगरातली. कोवाडच्या बाजारात
भिंतीवर अजून आहे तिच्या पुराची गढूळ रेघ,
माझ्या छातीला लागते.
तो म्हणाला, तुमची नक्कल असेल.
आमची पोथीतली. तिच्या पाण्याशिवाय
हलवा असा बोटांवरून ओघळत नाही.
मी म्हटलं, आमची रताळी खा, मग बोल.

फोनवर नकाशा मोठा केला,
ज्याचा निळा धागा लांब तो खरा.
तो जिंकला. त्याची समुद्रापर्यंत जाते.
आमची वाटेतच घटप्रभेला मिळते
आणि लग्नात बदलावं तसं
नाव टाकून देते.

उपुल कांदा चिरत होता. कल्पिटियाचा.
मान वर न करता म्हणाला,
आमच्याकडे गोष्ट आहे : राजा होडीतून उतरला,
दमून हात टेकले, तळवे तांबडे झाले.
तेच नाव पडलं. नदीला नाही,
बेटाला. अख्ख्या.

भात खाली लागला तरी कुणी बोललं नाही.

जूनमध्ये दोन दिवस धुळीचं वादळ.
तिसऱ्या सकाळी टँकरच्या पाठीवर
बोटानं लिहिलेलं एकच नाव, तीनदा :
सुडलैचं काटकोनी,
उपुलचं जिलब्यांसारखं,
माझं, वरून रेघ ओढलेलं.

फोरमन गुलरेझ म्हणाला, धो डालो, गाडी कंपनीची आहे.
पाइप लावला. त्याच टाकीचं पाणी.
रेघ सगळ्यात शेवटी गेली.
खाली एक ओहोळ निघाला, तांबूस, बोटभर,
चाकाला वळसा घालून
उपुलच्या चपलेपर्यंत आला
आणि तिथं वाळूनं पिऊन टाकला.

आम्ही तिघंही वाकून बघत होतो.

पहिली खेप अर्धा तास उशिरा निघाली.
वीस दिरहम कापले.